ओला उन्हाळा

उन्हाळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तापलेली जमीन, दुपारी ओस पडलेले रस्ते आणि आटत चाललेल्या विहिरी उभ्या राहतात. इंग्लंडमधील मुलाच्या मनात या शब्दाने निराळेच चित्र उमटते. त्याचा उन्हाळा जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचा. दिवस फार मोठे असतात. जूनच्या अखेरीस लंडनमध्ये रात्रीचे नऊ वाजले तरी सूर्य क्षितिजावर रेंगाळत असतो. हिरवळ दाट वाढलेली असते, घराघरांपुढे गुलाब फुललेले असतात. आणि यांपैकी कोणत्याही दिवशी, सकाळी निरभ्र असलेले आकाश दुपारी झाकोळून पाऊस येऊ शकतो. पावसाळा नावाचा स्वतंत्र ऋतू त्या देशात नाही. पाऊस बाराही महिन्यांत वाटलेला आहे, आणि उन्हाळ्याच्या वाट्याला आलेला हिस्सा तो चुकवीत नाही.

याचे कारण नकाशात सापडते. ब्रिटनच्या पश्चिमेस अटलांटिक महासागर पसरलेला आहे. तिकडून वाहणारे वारे बाष्प घेऊन येतात आणि त्यांच्याबरोबर कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक बेटांवरून सरकत जातात. त्यांची वाट आकाशात फार उंचावरून वाहणारा एक वेगवान वायुप्रवाह ठरवितो. हा प्रवाह उन्हाळ्यात बहुधा ब्रिटनच्या उत्तरेकडून जातो व दक्षिणेकडील प्रदेश कोरडा राहतो. एखाद्या वर्षी मात्र तो दक्षिणेकडे सरकतो आणि तेथेच मुक्काम करतो. मग आठवड्यामागून आठवडे पाऊस लागून राहतो.

२०१२ साली असेच घडले. त्याआधीचे दोन हिवाळे कोरडे गेल्यामुळे जलाशय उतरले होते. म्हणून ५ एप्रिल रोजी दक्षिण व पूर्व इंग्लंडमधील सात पाणीपुरवठा कंपन्यांनी रबरी नळीने बागेला पाणी घालण्यास बंदी केली. बंदी जाहीर झाली आणि पावसास सुरुवात झाली! १९१० पासूनच्या नोंदींत इतका पाऊस ब्रिटनमधील कोणत्याही एप्रिल महिन्यात पडला नव्हता. लोक छत्री धरून बागेत उभे राहत, बंदीची सूचना वाचीत आणि हसत. पुढे तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात देशभर सरासरीने सुमारे ३७० मिलिमीटर पाऊस झाला. १९१० पासूनच्या त्याच नोंदींत १९१२ चा उन्हाळा तेवढा याहून ओला होता.

३७० मिलिमीटर हा आकडा ऐकून कोकणातील मुलास हसू येईल. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरीने याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. परंतु पावसाचे माप केवळ मिलिमीटरांनी होत नाही. आपल्याकडे धो धो कोसळून मोकळा होणारा पाऊस तेथे क्वचितच पाहावयास मिळतो. तेथील पाऊस बारीक, थंड आणि चिकाटीचा असतो. ढग हलत नाहीत, पाने वाळत नाहीत, तापमान भर जुलैत पंधरा-सोळा अंशांवर अडून राहते. आपल्या भाताला पाऊस हवा असतो. तेथील उन्हाळी पिकाला पिकण्यासाठी ऊन हवे असते. तेच मिळेनासे झाले की बागवान चिंतेत पडतो.

आणि त्या देशात बागवान कोण नसतो? घरामागे चार हात जमीन असली तरी तिच्यात फुले लावलेली दिसतात. ज्यांना तेवढीही जमीन नाही, त्यांच्यासाठी गावोगावी ‘अलॉटमेंट’ असतात. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला लावण्यासाठी वार्षिक भाड्याने मिळणारा जमिनीचा लहान तुकडा. मोठ्या मोकळ्या जागेचे असे पन्नास-शंभर तुकडे पाडलेले असतात. एका पूर्ण तुकड्याचे प्रचलित माप आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांच्या आसपास भरते. लोकांची मागणी असेल तेथे अशी जमीन पुरविण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. दुसऱ्या महायुद्धात परदेशांतून येणारे धान्य अडू लागले, तेव्हा सरकारने जनतेला भाजी पिकविण्याचे आवाहन केले आणि या तुकड्यांची संख्या चौदा लाखांच्या आसपास गेली. लंडनच्या टॉवर या जुन्या किल्ल्याच्या कोरड्या खंदकातही त्या काळी भाजी पिकत होती. युद्ध संपले, निकड ओसरली. तथापि छंद उरला. आजही अनेक ठिकाणी असा तुकडा मिळण्यासाठी वर्षानुवर्षे यादीत नाव ठेवून थांबावे लागते.

असाच एक मळा डोळ्यांपुढे आणा. दोन तुकड्यांमध्ये कुंपण नाही, केवळ हातभर रुंदीची गवताची पायवाट आहे. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात लाकडी खोपटे आणि छपराचे पाणी साठविणारे एक पिंप. ते पिंप केव्हाच भरून वाहू लागले आहे. एका तुकड्यावर निवृत्त आगगाडीचालक चाळीस वर्षांपासून भाजी लावीत आले आहेत. शेजारच्या तुकड्यावर रुग्णालयातील एक परिचारिका आहे. तिचे हे दुसरेच वर्ष. जुलैची संध्याकाळ आहे, पाऊस नुकताच थांबला आहे, आणि दोघेही चिखलाने जड झालेले बूट ओढीत आपापल्या वाफ्यांकडे निघाले आहेत.

“काय हा पाऊस!” परिचारिका म्हणते.

“बागेला मात्र चांगला,” म्हातारबुवा उत्तर देतात.

हे उत्तर ठरलेले आहे. तेथे पावसाविषयी कोणी तक्रार केली की दुसऱ्याने हेच म्हणावयाचे, असा जणू अलिखित नियमच आहे. हे वाक्य खरे नाही हे दोघांनाही ठाऊक असते. परक्या माणसाशी एकदम घरगुती गोष्टी बोलणे तेथे शिष्टाचारास सोडून समजतात. म्हणून बोलण्याचे दार हवेच्या गोष्टींनी उघडतात. दार उघडले की खरे बोलणे सुरू होते.

“तुमच्याकडे किती पडला?”

“कालपासून अठरा मिलिमीटर. आणि रात्री गोगलगाई मोजल्या. विजेरी घेऊन निघालो, त्रेसष्टांपर्यंत मोजल्या, मग सोडून दिले.”

“माझे लेट्यूस एका रात्रीत नाहीसे झाले. नुसते देठ उरले आहेत.”

ओल्या उन्हाळ्याचा खरा राजा ही गोगलगाय. शंख असलेली आणि नसलेली, अशा दोन्ही प्रकारच्या गोगलगाईंना ओलावा जिवापेक्षा प्रिय. कोरड्या हवेत त्या दगडाखाली लपून राहतात. पाऊस लागला की रात्रभर चरतात आणि सकाळी पानांवर चकाकणारा माग ठेवून जातात. यांच्यावर उपाय सांगणारा माणूस प्रत्येक मळ्यावर असतोच. कोणी अंड्याच्या टरफलांचा चुरा रोपाभोवती पसरतो, कोणी कुंडीला तांब्याची पट्टी गुंडाळतो, कोणी वाडग्यात बीअर ओतून ते जमिनीत पुरतो. तिच्या वासाने गोगलगाई येतात आणि बुडून मरतात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या १८०४ साली स्थापन झालेल्या उद्यानविद्या संस्थेने २०१८ साली यांतील काही उपाय लेट्यूसवरच कसोटीस लावून पाहिले. टरफले, तांब्याची पट्टी, खडी यांनी वेढलेली रोपे आणि काहीच न केलेली रोपे, दोन्ही सारखीच कुरतडली गेली! तरीही टरफलांचा चुरा टाकणारे आजही टाकीतच आहेत. काहीतरी केल्याचे समाधान त्यांना मिळते. गोगलगाईंनाही त्याची हरकत नसावी.

पूर्वी निळ्या रंगाच्या विषारी गोळ्या वाफ्यांत पसरण्याची रीत होती. गोगलगाई मरत, परंतु त्या खाणारे पक्षी आणि अंगावर काटे असलेला हेजहॉग हा लहान प्राणी यांच्याही पोटात ते विष जाई. म्हणून तसल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा उघड्यावर वापर करण्यास ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ च्या मार्चअखेर बंदी झाली. ब्रिटनमध्ये शंख नसलेल्या गोगलगाईंच्या सुमारे चव्वेचाळीस जाती असून त्यांतील केवळ नऊ जाती बागेतील झाडे खातात. उरलेल्या कुजका पाला खाऊन बागेची झाडलोटच करतात. थ्रश नावाचा पक्षी शंखवाली गोगलगाय चोचीत धरून दगडावर आपटतो व शंख फोडून आतील मांस खातो. ज्या बागेत असा फुटक्या शंखांनी वेढलेला दगड आढळतो, त्या बागेचा मालक पाहुण्यांस तो मुद्दाम दाखवितो.

“घेवड्याला शेंगा धरल्या का?” म्हातारबुवा विचारतात.

“फुले पुष्कळ आहेत. शेंग एकही नाही.”

“मधमाश्या कोठे आहेत? पावसात त्या बाहेर पडत नाहीत. तो केसाळ भुंगा बरा, गारठ्यातही निघतो. दोन कोरडे दिवस मिळू द्या, शेंगा धरतील.”

पुढे स्ट्रॉबेरीचा विषय निघतो. फळाला चिखल लागू नये म्हणून त्याच्याखाली गव्हाचे काड पसरतात. परंतु ओल्या हवेत त्या काडावरच फळांना करडी बुरशी येते. गुलाबाचेही तसेच. कळी फुगते, बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात आणि कळी न उमलताच कुजून जाते. या गोष्टी दोघेही उभ्या उभ्या बोलतात. थर्मासमधील चहा ओतला जातो. कोणाला घाई दिसत नाही.

अशा गप्पांत एक संतही डोकावतो. त्याचे नाव स्विदिन. नवव्या शतकात तो विंचेस्टर येथे बिशप होता. १५ जुलै या त्याच्या दिवशी पाऊस पडला, तर पुढे चाळीस दिवस पाऊस पडत राहतो, अशी तेथे जुनी समजूत आहे. हवामानखात्याने नोंदी तपासल्या, तेव्हा हे भाकीत एकदाही अक्षरशः खरे ठरलेले आढळले नाही. तरी त्यात थोडा अर्थ आहे. जुलैच्या मध्यास वायुप्रवाहाने जी वाट धरली, ती तो पुष्कळदा ऑगस्टअखेरपर्यंत सोडीत नाही. शेतकरी व बागवान यांनी ही गोष्ट यंत्रांवाचून ओळखली होती. संतास मात्र तिचे श्रेय विनाकारण मिळाले.

“किती पडला?” हा प्रश्न दिसतो तितका पोकळ नाही. जॉर्ज जेम्स सायमन्स या गृहस्थाने १८६० साली देशभर पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांची जुळणी सुरू केली. पाद्री, शिक्षक, डॉक्टर, जमीनदार, त्यांचे माळी अशी नाना प्रकारची माणसे आपल्या बागेत पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी त्यातील पाणी मोजीत आणि आकडा लिहून ठेवीत. १९०० साली सायमन्स निवर्तला, तोपर्यंत अशी ठिकाणे तीन हजारांवर गेली होती. हस्तलिखित तक्त्यांचे गठ्ठे पुढे दप्तरात पडून राहिले. २०२० च्या वसंत ऋतूत साथीच्या रोगामुळे लोक घरात अडकून पडले, तेव्हा रेडिंग विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्या पानांची छायाचित्रे लोकांपुढे ठेवली. सोळा हजारांवर स्वयंसेवकांनी सोळा दिवसांत पासष्ट हजारांवर पाने उतरवून काढली. आकडे भरले बावन्न लाखांच्या आसपास! त्या आधारे ब्रिटनच्या मासिक पावसाचा हिशेब १८३६ पर्यंत मागे नेता आला. कोणा एका माळ्याने थंडीवाऱ्यात उभे राहून लिहिलेला आकडा दीडशे वर्षांनंतर असा उपयोगी पडला.

आता पुन्हा मळ्याकडे वळू. चहा संपला आहे. म्हातारबुवा सहज म्हणतात, “बटाट्याकडे लक्ष ठेवा. हवा बरी नाही.” हे वाक्य ते हळू आवाजात बोलतात. मघापासूनच्या बोलण्यात थट्टा होती, यात नाही.

बटाट्यावर पडणाऱ्या एका रोगाची ही भीती आहे. आपल्याकडील शेतकरी त्यास करपा म्हणतात. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा लावणाऱ्यांस तो चांगला परिचित आहे. प्रथम पानाच्या कडेला तपकिरी, पाण्याने भिजल्यासारखा डाग उठतो. दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूस पांढरी लव दिसू लागते. तीत असंख्य बीजाणू असतात. वारा त्यांना मैलोगणती नेतो, पाऊस त्यांना जमिनीत उतरवितो. चार-सहा दिवसांत सगळा पाला काळा पडतो आणि जमिनीतील बटाटे सडू लागतात. टोमॅटो हा बटाट्याचा जवळचा नातलग. त्याचीही हीच गत होते.

१८४५ चा उन्हाळा असाच ओला होता. त्या काळी ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ नावाचे एक साप्ताहिक निघत असे. देशभरचे बागवान आपली फुले, फळे, हवा आणि कीड यांविषयी त्यास पत्रे लिहीत. कुंपणावरच्या गप्पाच जणू छापून येत. ऑगस्ट महिन्यात दक्षिणेकडील वाइट बेटावरून बटाट्याच्या एका अपरिचित रोगाची वार्ता आली. पाठोपाठ इतर परगण्यांतून पत्रे येऊ लागली. १३ सप्टेंबरच्या अंकात संपादक जॉन लिंडली यांनी छपाई थांबवून एक बातमी घातली: रोग आयर्लंडमध्ये पोहोचला होता.

ही बातमी एवढी भयंकर का, हे समजण्यासाठी आयर्लंडची तेव्हाची स्थिती जाणली पाहिजे. तेथील लक्षावधी गरिबांचे अन्न बटाटा आणि केवळ बटाटा हेच होते. धान्य पिकत असे. परंतु ते खंडाच्या फेडीत जाई किंवा परदेशी विकले जाई. रोगाने सलग काही वर्षे बटाट्याचे पीक नेले आणि सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापांच्या साथींनी मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. पीक रोगाने नेले हे खरे. पण उपाशी माणसांच्या डोळ्यांदेखत धान्याने भरलेली जहाजे बंदरांतून बाहेर जात होती, याचा दोष कोणत्याही रोगाला देता येणार नाही.

हा रोग कशाने होतो, यावर त्या वेळी मोठा वाद माजला. लिंडली हे नाणावलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. सततच्या पावसाने व सूर्य न दिसल्याने झाडांनी नको तितके पाणी शोषले आणि ती आतून सडली, असे त्यांचे मत होते. बहुतेकांना ते पटले. कारण पाऊस सर्वांना दिसत होता. नॉर्दॅम्प्टनशरमधील माइल्स बर्कली या पाद्रीस ते पटले नाही. रोगट पाने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याने त्यांवरील ती पांढरी लव न्याहाळली आणि १८४६ साली आपले मत मांडले. ही बुरशी कुजलेल्या पानावर मागाहून आलेली नसून तीच रोगाचे मूळ आहे. पाऊस केवळ तिला वाढण्यास मदत करतो, असे त्याचे म्हणणे होते. सूक्ष्म जीवांमुळे रोग होतात ही कल्पनाच तेव्हा नवी होती, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवणारे थोडे. पुढे १८६१ साली आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने निरोगी रोपांवर बीजाणू टाकून रोग उत्पन्न करून दाखविला आणि बर्कलीचे म्हणणे सिद्ध झाले. आज शास्त्रज्ञ या जीवास खरी बुरशी मानीत नाहीत. तो तिच्यासारखा दिसणारा, पण शेवाळांच्या अधिक जवळचा एक निराळाच जीव आहे.

कारण कळले, म्हणून रोग गेला असे नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बागवानास या रोगावर फवारता येईल असे औषध बाजारात मिळत नाही. तेव्हा हवेकडे लक्ष ठेवणे एवढेच त्याच्या हाती राहते. सलग दोन दिवस किमान तापमान दहा अंशांखाली उतरले नाही, आणि त्या दोन्ही दिवशी हवेतील सापेक्ष आर्द्रता निदान सहा तास नव्वद टक्के वा त्याहून अधिक राहिली, की करपा येण्यास हवा अनुकूल झाली असे समजतात. स्कॉटलंडमधील जेम्स हटन संस्थेत झालेल्या संशोधनावरून २०१७ पासून ही कसोटी वापरात आली. त्यापूर्वीची कसोटी याहून कडक होती आणि नव्या काळातील रोग तिला चकवू लागला होता. म्हातारबुवांनी “हवा बरी नाही” म्हटले, ते या कसोटीचेच बोलीभाषेतील रूप होय.

दोन दिवसांनी परिचारिका सकाळीच मळ्यावर येते. रात्रपाळी करून ती तशीच आली आहे. बटाट्याच्या तिसऱ्या ओळीत तिला एका पानावर तपकिरी डाग दिसतो. ती पान उलटून पाहते. खाली पांढरी लव आहे.

मळ्यावर कोणी नाही. तिचे बटाटे अजून लहान आहेत. दर आठवड्यास ते वाढणार. आज पाला कापला, तर वाढ येथेच थांबली. एखादेच पान आहे, रविवारपर्यंत थांबावे, कदाचित ऊन पडेल, असे मनात येणे स्वाभाविक आहे. पण पायवाटेपलीकडे म्हातारबुवांच्या टोमॅटोंची लांबच लांब ओळ उभी आहे, आणि वारा त्याच दिशेने वाहत आहे. अशा वेळी गप्प राहणाऱ्या माणसाची आठवण मळ्यावर फार दिवस राहते. ती खोपट्याच्या पायरीवर बसून त्यांना फोन लावते.

“माझ्याकडे आला आहे,” ती एवढेच सांगते. कोण आला, हे विचारावे लागत नाही.

“आलोच,” म्हातारबुवा म्हणतात. “पाला जमिनीलगत कापून घ्या. बटाट्यांना हात लावू नका.”

ते येतात तेव्हा पुन्हा पाऊस भुरभुरू लागला आहे. दोघे मिळून सगळा पाला कापतात आणि पोत्यांत भरतात. खताच्या ढिगावर त्यातील एक काडीही टाकीत नाहीत. बटाटे लगेच खणावयाचे नाहीत. दोन-तीन आठवडे ते जमिनीतच राहू द्यावयाचे, म्हणजे त्यांची साल घट्ट होते आणि वरच्या मातीवर पडलेले बीजाणू मरून जातात. मग म्हातारबुवा इतर तुकडेवाल्यांना कळवितात. पलीकडची एक वृद्ध बाई गुडघ्यांमुळे वाकू शकत नाही. तिचे वाफे तपासण्यास दोघे तरुण जातात. दुपारपर्यंत मळ्यावरील प्रत्येक पान उलटून पाहिले गेलेले असते.

म्हातारबुवांचे टोमॅटो आठ दिवसांनी हातचे जातात. पहिला डाग दिसताच ते हिरवी, निर्दोष फळे तेवढी उतरवून घेतात. ती पिकणार नाहीत, म्हणून त्यांची चटणी होते. चटणी हा शब्द इंग्रजांनी भारतातून नेला. पदार्थ मात्र त्यांनी आपल्या हवेस मानवेल असा करून घेतला आहे. हिरवे टोमॅटो, कांदे, सफरचंदे, साखर आणि शिरका एकत्र शिजवून ती बरणीत भरतात व हिवाळाभर पुरवितात. ज्या वर्षी उन्हाळा ओला, त्या वर्षी घरोघर बरण्या जास्त.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बटाटे खणले जातात. काही सडलेले निघतात. त्यांच्या दुर्गंधीनेच ते ओळखू येतात. उरलेले धड बटाटे दोन बादल्या भरतात. म्हातारबुवा त्यांतील एक हातात घेऊन सालीवरून अंगठा फिरवितात.

“पुढच्या वर्षी सारपो मीरा लावा,” ते म्हणतात. “हंगेरीतली जात आहे. करप्याला सहसा दाद देत नाही. थोडी लवकर येणारी जातही लावा. जुलैच्या आत काढून मोकळे व्हाल.”

“चवीला कशी?”

“चवीला बरी,” म्हातारबुवा म्हणतात, आणि थोडा विचार करून पुढे सांगतात, “पीठ फार. पण हाती तर लागते!”

ती जातीचे नाव वहीत लिहून घेते. तेवढ्यात पलीकडील बाई आपल्या खोपट्यातून हाक मारून विचारते, “कालचा किती पडला?”

अभ्यास

१. मुंबईच्या मानाने ब्रिटनमधील पाऊस थोडा असूनही तेथील बागवान चिंतेत का पडतो?

२. १८४५ च्या रोगाविषयी लिंडली व बर्कली यांची मते कोणती होती? बहुतेकांना लिंडलींचे मत का पटले?

३. “माझ्याकडे आला आहे,” हे सांगण्यापूर्वी परिचारिकेच्या मनात कोणते विचार आले असतील, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. पुढील शब्द वाक्यांत योजा: झाकोळणे, निकड, नाणावलेला, दाद न देणे.

५. तुमच्या गावात पावसाविषयी कोणत्या समजुती प्रचलित आहेत, ते घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारा. त्यांपैकी एक निवडून महिनाभर रोजच्या पावसाची नोंद ठेवा व ती खरी ठरते का ते पाहा.